वरून येणारा ठोका

देगलूरच्या शाळेतले आमचे मराठीचे सर फोनवर म्हणाले, "अमेरिकेत काय काय पाहिलंस ते लिहून पाठव. मुलांना वाचून दाखवतो." सरांच्या मनात बहुधा नायगारा असावा. तो मी अजून पाहिलेला नाही. कंपनीच्या कामासाठी इथे आल्यापासून मी एकच लांबचा प्रवास केला, आणि तोही एका घराची खिडकी पाहायला आणि एका म्हाताऱ्या माणसाला एक वाक्य सांगायला. ते वाक्यही माझं नव्हतं, शैलाकाकूंचं होतं. पण सरांनी सांगितलेलं मी कधी टाळलं नाही. शिंपीकाम करणाऱ्याच्या घरातून इंजिनिअर होऊन मी इथवर आले, त्यात सरांचा वाटा आहे. म्हणून जे पाहिलं तेच लिहिते.

ईडन प्रेरी

मिनेसोटा राज्यातलं ईडन प्रेरी म्हणजे मिनीॲपोलिसला लागून असलेलं, तळ्यांचं आणि ऑफिसांचं गाव. तिथे मी शैलाकाकूंच्या घरी भाड्याने राहते, तळघरात. तळघर म्हटल्यावर आमच्याकडे धान्याचं पेव डोळ्यांपुढे येईल, पण इथे तळघरातही गालिचा असतो आणि स्वतंत्र न्हाणीघर असतं. काकू मूळच्या सोलापूरच्या. काका गेल्यापासून त्या वर एकट्याच असतात. मुलगी नेहा दूर कॅलिफोर्नियात, सांता क्लाराला नोकरी करते.

आल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी मी आईशी फोनवर बोलत होते. आमच्या घरात सगळेच जोरात बोलतात, कारण शिलाई मशीनच्या आवाजावर बोलायची सवय आहे. इतक्यात वरून धप, धप, धप असे ठोके आले. काकू वैतागल्या, असं मला वाटलं. मी आवाज बारीक केला. ठोके थांबेनात. शेवटी पांघरुणात शिरून कुजबुजले, तर आईने विचारलं, "घसा बसलाय का गं?"

पुढच्या शनिवारीही तेच. मग मी माफी मागायला वर गेले. काकू स्वयंपाकघरात बुटक्या स्टुलावर बसून लोखंडी खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटत होत्या. खलाखाली नुसती लाकडी जमीन, त्यामुळे प्रत्येक घाव सरळ माझ्या छतात. मी आलेली पाहून त्यांनी भाकरीच्या तुकड्यावर चटणी ठेवून पुढे केली. मी कशाला आले ते सांगितल्यावर त्या खूप हसल्या. मग बत्ता खाली ठेवला.

"तुलाही तसंच वाटलं?" त्या म्हणाल्या.

त्या "तुलाही"चा अर्थ मला कळला तो ऑक्टोबरात, गाडीत.

त्या महिन्यात नेहाने फोन करून सांगितलं की ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहरात, तिथल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये, एका जुन्या बँडची उरलेली दोन माणसं शनिवारी दुपारी वाजवणार आहेत. तिने काकूंसाठी आणि माझ्यासाठी दोन तिकिटं काढली होती. काकूंनी विमानाने जावं, असा तिचा आग्रह होता. काकूंना गाडीनेच जायचं होतं. नोकरी लागल्यावर काकांनी त्यांना क्लीव्हलँडहून ज्या रस्त्याने इकडे आणलं, त्याच रस्त्याने उलटं जायचं होतं. शिवाय खलबत्ता न्यायचा होता.

"आई, व्हाय?" नेहा स्पीकरवर म्हणाली. "यू आर टेकिंग द खलबत्ता?"

"माझं सामान माझ्याबरोबर," काकू म्हणाल्या.

ड्रायव्हिंगचं लायसन मला नुकतंच मिळालं होतं. तरी काकूंनी मला किल्ली दिली. आजवर माझ्यावर एवढा विश्वास फारच थोड्या लोकांनी टाकला आहे.

विस्कॉन्सिनमधून

शुक्रवारी सकाळी निघालो. खलबत्ता मी मागच्या सीटवर ठेवला आणि गाडी जी ओरडायला लागली, ती थांबेना. पुढे जाऊन थांबून पाहिलं, तर सीटवर वजन आहे म्हणजे माणूस बसला आहे आणि त्याने पट्टा लावलेला नाही, असा गाडीचा समज झालेला. शेवटी खलबत्त्याला पट्टा बांधला. काकू वळून पाहत म्हणाल्या, "तुझे काकासुद्धा कधी एवढे गुपचूप बसले नाहीत."

सेंट क्रॉय नदी ओलांडली की विस्कॉन्सिन लागतं. दोन्ही बाजूंना मका वाळून उभा होता, आणि मधेच एखादं झाड असं लालभडक की आपल्याकडचा पळस आठवावा, फक्त इथे पळस फुलांनी लाल होतो आणि हे झाड पानांनी. रस्त्यालगतच्या विश्रांतिस्थळी आम्ही दशम्या, चटणी आणि दही खाल्लं. इतकं स्वच्छ थांबण्याचं ठिकाण, पण चहावाला नाही, केळीवाली नाही, कोणी कोणाला "कुठं निघालात?" असंही विचारत नाही. देगलूरच्या स्टँडची मला फार आठवण आली. एका दुकानात ताज्या चीजचे गोळे घेतले. ते चावताना दातांखाली चुंयचुंय वाजतात. काकूंनी एक खाल्ला आणि उरलेले मला दिले.

गाडी पुन्हा रस्त्याला लागल्यावर त्या म्हणाल्या, "तू ड्राइव्ह कर, मी बोलते. मधे विचारू नकोस, नाहीतर माझं राहून जाईल."

लग्न होऊन काकू क्लीव्हलँडला आल्या, तेव्हा काका तिथे शिकत होते आणि संध्याकाळी प्रयोगशाळेत काम करत होते. लाकडी दुमजली घर, वर म्हातारी मालकीण, खालच्या मजल्यावर हे दोघं. त्याच्याही खाली तळघर. मालकिणीचा नातू टॉम आणि त्याचे दोन मित्र दुपारनंतर तिथे येऊन वाजवायचे. पहिल्या दिवशी काकूंना वाटलं, घर गरम करणारी भट्टीच फुटली. गिटार करवतीसारखी, ड्रम पत्र्यावर दगड पडल्यासारखे, आणि टॉम गात नव्हता, भांडत होता. पण रोज ऐकून त्यांच्या लक्षात आलं, की पाढा चुकणारं पोर जसं पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं, तशी ही मुलं तेच ते पुन्हा वाजवतात. चुकतात, एकमेकांना शिव्या देतात, पुन्हा सुरू.

"मला घरात बोलायला कोणी नव्हतं," काकू म्हणाल्या. "इंग्रजी येत नव्हतं. चटणी कुटायला बसले की माझाच आवाज मला एकटा वाटायचा. मग मी ठरवलं, ते वाजवतील तेव्हाच कुटायचं."

झालं असं, की मुलांना वाटलं वरची बाई आवाजाची तक्रार म्हणून जमीन ठोकते आहे. मग मुलं चिडून अजून भराभर वाजवायची. काकूंना वाटायचं, आज यांनी चाल वाढवली, म्हणून त्याही हात वाढवायच्या. असा एक पूर्ण हिवाळा गेला.

मग एका संध्याकाळी पोलीस आले. कोणी बोलावले, ते आजपर्यंत कळलेलं नाही. मालकीण घाबरली आणि तिने नातवाला सामान हलवायला सांगितलं. मुलं ड्रम उचलून गाडीत टाकत होती. काकू स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या होत्या. टॉमने वर पाहिलं. ती नजर त्यांना समजली. मी नाही, मी नाही बोलावलं, असं सांगायला त्यांना एक शब्द सुचेना. त्यांनी काचेआडून हात हलवला, आपण "नाही, नाही" म्हणताना हलवतो तसा. मुलांना वाटलं, ही आपल्याला टाटा करते आहे.

"आणि मग त्याने गाणं लिहिलं," काकू म्हणाल्या. तोवर शिकागोची वाहतूक लागली.

गाण्याचं मला नेहाने आधीच थोडं सांगितलं होतं. बँडचं नाव "कोल्ड फर्नेस", म्हणजे थंड पडलेली भट्टी. त्या शहरातले पोलादाचे कारखाने तेव्हा बंद पडू लागले होते. अशा दणदणाटी संगीताला पुढे पंक म्हणू लागले, पण तेव्हा तो शब्दही धड रुळलेला नव्हता. या तिघांना वाद्यं नीट येत नव्हती, आणि ती येईपर्यंत थांबायला ते तयार नव्हते. तळघरात साध्या टेपवर केलेली त्यांची एकच तबकडी आहे. ती त्यांनी स्वतः गाडीच्या डिकीतून विकली. थोड्याच वर्षांत बँड मोडला. पण ती तबकडी हातोहात न्यूयॉर्कला गेली, कॅलिफोर्नियाला गेली, लंडनला गेली, आणि कितीतरी मुलांनी ती ऐकून ठरवलं की हे आपल्यालाही जमेल. इतक्या वेगाने वाजवायचं, हे म्हणे त्यांच्याकडूनच पुढच्यांनी उचललं. सगळ्यात गाजलेलं गाणं आहे तळघराच्या वर राहणाऱ्या बाईवर. ती ठोकते, ती पोलिसांना बोलावते, आणि मुलं घराबाहेर पडताना खिडकीतून हात हलवते.

नेहाने कॉलेजच्या सुटीत ते घरात लावलं होतं. खिडकीची गोष्ट तिने लहानपणी आईकडून ऐकलेली. "आई, इट्स यू!" म्हणून ती नाचली. काकूही हसल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. काका म्हणाले, ती बाई तू आहेस हे कोणाला माहीत आहे? काकू म्हणाल्या, "मला माहीत आहे ना."

तेव्हापासून दुकानात, दवाखान्यात, कुठेही ते गाणं लागलं, की त्या उठून बाहेर जाऊन उभ्या राहतात.

क्लीव्हलँड

इंडियानात मुक्काम करून शनिवारी सकाळी पोचलो. टोलनाक्यावर मी चुकीच्या रांगेत घुसले आणि मागचा ट्रकवाला बराच वेळ हॉर्न वाजवत राहिला. काकूंनी काच खाली करून त्याला हात जोडले. तो गप्प झाला. कसं, ते मला माहीत नाही.

ते घर अजून आहे. आता करड्या रंगाचं, पुढे झोपाळा. जमिनीलगत तळघराची छोटी खिडकी. काकू फुटपाथवर उभ्या राहून त्या खिडकीकडे नाही, तिच्या वरच्या खिडकीकडे पाहत होत्या. आतून एक बाई लहान मुलाला कडेवर घेऊन आली. ती वैतागली नव्हती. अशी माणसं येत असतात, फोटो काढतात, जपानहूनसुद्धा येतात, असं ती म्हणाली. मग तिने विचारलं, "तुम्हीपण त्या बँडच्या फॅन का?"

"नाही," काकू म्हणाल्या. "मी वर राहायचे."

बाईला त्याचा अर्थ लागला नाही. तिने मुलाचा हात धरून आम्हाला बाय केलं. काकूंनी हात वर केला आणि तसाच खाली घेतला.

दुपारचं जेवण पलीकडच्या चौकात, एका पोलिश खानावळीत. बटाटा भरलेल्या, उकडलेल्या करंज्या, वर परतलेला कांदा. त्यांना पिरोगी म्हणतात. मला फार आवडल्या. काकूंनी ताटात नुसता चमचा फिरवला. त्यांचे ओठ हलत होते. इतकी वर्षं अमेरिकेत काढून, नोकरी करून, मुलीच्या शाळेत भाषण देऊन आलेल्या त्या बाई एका वाक्याचा सराव करत होत्या. मला माझी पहिली मुलाखत आठवली. मीही हॉटेलच्या जिन्यात उभी राहून इंग्रजीतून माझं नाव सांगायचा असाच सराव केला होता.

"काकू, त्यांनी ऐकून घेतलं नाही तर?" मी विचारलं.

"ऐकू दे की न ऐकू दे. माझ्या तोंडातून बाहेर पडलं पाहिजे. इतकी वर्षं आत बसलंय ते."

वाचनालयाचा हॉल

काकू कुठेही तासभर आधी पोचतात, म्हणून आम्ही शिरलो तेव्हा खुर्च्या रिकाम्या होत्या. मंचावर एक उंच, वाकलेला म्हातारा ड्रमचे स्क्रू आवळत होता. मनगटाला पट्टी बांधलेली. हा लेन, ड्रमवाला. तिसरा मित्र आता हयात नाही. मी खलबत्त्याची पिशवी दोन्ही हातांनी धरून मागे उभी होते.

काकू सरळ मंचापाशी गेल्या. नमस्कार नाही, ओळख नाही. पुढचं बोलणं इंग्रजीत झालं, मी ते मराठीत लिहिते.

"पोलिसांना मी बोलावलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

लेनने वर पाहिलं. मग साडीकडे, मग माझ्या हातातल्या पिशवीकडे. स्क्रूची चावी त्याने खाली ठेवली आणि मान न वळवता हाक मारली, "टॉम. बाहेर ये. वरची बाई आली आहे."

टॉम पडद्यामागून आला. टक्कल पडलेला, चष्मा दोरीने गळ्यात. काकूंनी पिशवी माझ्याकडून घेतली, खल बाहेर काढून मंचाच्या लाकडी कडेवर ठेवला आणि बत्त्याने तीन ठोके दिले.

लेन हसायला लागला. हसता हसता त्याने डोळे पुसले. "मी तेव्हाच म्हणालो होतो याला," तो म्हणाला, "की रागावलेला माणूस ताल धरून ठोकत नाही. ऐकलं नाही याने."

"तुम्ही काय करत होता?" टॉमने विचारलं.

"चटणी."

ती काय असते ते मी सांगितलं. शेंगदाणे, लाल तिखट, लसूण, जिरं, मीठ, आणि तेल सुटेपर्यंत कुटायचं.

टॉम मंचाच्या कडेवर बसला. "खोटं बोलत नाही," तो म्हणाला. "आम्हाला खात्री होती की तुम्हीच बोलावलं. तुमचा राग राग केला आम्ही. तुम्ही फोनपर्यंत पोचायच्या आत गाणं संपवायचं, म्हणून आम्ही ते एवढं पळवायचो."

"आणि मी तुमच्या मागे धावत होते," काकू म्हणाल्या. "हात भरून यायचे."

"आणि खिडकीतून टाटा केलंत, ते?"

काकूंनी हात हलवून दाखवला. आमच्याकडे हे "नाही" असतं, असं सांगितलं. टॉमने स्वतःचा हात तसाच हलवून पाहिला, एकदा, दोनदा. मग तो हात त्याने मांडीवर ठेवला.

"आज ते गाणं आम्ही म्हणत नाही," तो शेवटी म्हणाला.

"म्हणा," काकू म्हणाल्या. "माणसं त्याच्यासाठी आली आहेत. मला फक्त तुम्हाला सांगायचं होतं."

हॉल भरला. माझ्या वडिलांच्या वयाचे लोक काळ्या टी-शर्टात, आणि हिरव्या-निळ्या केसांच्या, नाकात रिंगा घातलेल्या मुलीही. शेजारच्या एकीने मला मोठ्या उत्साहाने सांगितलं, की जुन्या तबकडीत ड्रमच्या मागे अजून एक ठोका ऐकू येतो आणि तो लेनने कसा काढला, हे कोणालाच कळलेलं नाही. मी मान डोलावली. काय सांगणार?

मंचाच्या एका बाजूला, पडद्याच्या आडोशाला, लेनने एक बुटकं स्टूल ठेवलं होतं. काकूंना गुडघ्यांमुळे जमिनीवर फार वेळ बसवत नाही. पुढे लाकडी फळी, तिच्यावर खल, खलात भाजलेले दाणे. दाण्या-तिखटाची सोय काकूंनी घरूनच करून आणली होती. मला वाटलं होतं, त्या दाणे रस्त्यात खायला घेत आहेत.

शेवटी ते गाणं सुरू झालं. जगात सगळ्यात वेगाने वाजवणारे म्हणून ज्यांचं नाव झालं, ते दोघे ते इतकं सावकाश वाजवत होते, की एकेक शब्द कळत होता. लेनचं मनगट दुखत होतं. काकूंचा हातही आता तसा राहिलेला नाही. पण तिघांचं जमत होतं. लोक आधी गोंधळले, मग पुढे सरकून ऐकू लागले. पोलिसांचं कडवं आलं. टॉमने तोंड उघडलं आणि मिटलं. गिटारवरचा हातही थांबला. त्या कडव्याच्या जागी फक्त ड्रम होते आणि खलबत्ता, धप, धप, धप. शेजारच्या हिरव्या केसांच्या मुलीने माझा दंड घट्ट धरला. "ओह," एवढंच ती म्हणाली.

टॉमने लोकांना काही समजावून सांगितलं नाही. काकूंनीही नाही. नंतर चटणी कागदी बशांतून पावाबरोबर फिरली. तिखटाने लोकांच्या नाकांना पाणी सुटलं, तरी बशा रिकाम्या होऊनच परत आल्या. आयोजकांनी खलबत्ता वाचनालयात काचेच्या कपाटात ठेवू का, असं फार अदबीने विचारलं. काकूंनी तितक्याच अदबीने सांगितलं, "मग मी चटणी कशात कुटू?"

परत

येताना खलबत्त्याला मी न विसरता पट्टा लावला. ओहायोतून बाहेर पडतो तोच नेहाचा फोन आला. सॉरी म्हणाले का ते, असं तिने विचारलं.

काकूंनी थोडा विचार केला. "नाही गं. राहूनच गेलं," त्या म्हणाल्या. "कामात होतो आम्ही."

विस्कॉन्सिनमध्ये पेट्रोल भरायला थांबलो. दुकानात कुठलंसं गाणं लागलं होतं. ते नव्हतं. पण काकू कॉफीचा कप घेऊन दारातच उभ्या राहिल्या, ते संपेपर्यंत, पुढचं कुठलं लागतं ते पाहायला.

सर, एवढाच माझा प्रवास. नायगारा पाहिला की पुन्हा लिहीन. कालच्या शनिवारी मी आईशी बोलत होते, तेव्हा वरून ठोके सुरू झाले. आईने विचारलं, "कोण ठोकतंय गं एवढं?"

"काकू आहेत," मी म्हटलं, आणि पहिल्यापेक्षा मोठ्याने बोलत राहिले.